उपासनेहून परततानाची गाडी

एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून देते.

"जय ख्रिस्त ताई. आम्हाला इथे परदेशी येऊन अकरा वर्षं झाली. दोघांच्या नोकऱ्या, दोन मुलं, सगळं ठीक आहे. दर रविवारी उपासनेला जातो, मी गायनातही असते. पण परत येताना गाडीचं दार लागलं की पाच मिनिटांत आमचं सुरू होतं. कधी मुलांवरून, कधी सासूबाईंच्या तब्येतीवरून, बहुतेक वेळा माझ्या धाकट्या जावेवरून. सासूबाई तिकडे दिराकडे असतात. जाऊ त्यांचं सगळं करते हे खरं, पण फोनवर टोमणे मारते. आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो, त्याचा कधी उल्लेखसुद्धा नाही. मंडळीतल्या एका बहिणीने सांगितलं म्हणून मी रोज रात्री देवाचे आभार मानायच्या तीन गोष्टी वहीत लिहिते. तीन महिने झाले. वही भरत आली, मन मात्र होतं तिथेच. माझा विश्वास कमी पडतोय का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. ज्या घरात विश्वास नसतो तिथे असली पत्रं कोणी लिहीत बसत नाही.

वहीबद्दल मात्र बोलायचं आहे. ती मी पाहिलेली नाही, तरी अंदाज करते. आरोग्य, मुलं, नोकरी. दुसऱ्या दिवशी नोकरी, घर, मुलं. कधी "आजचा दिवस". चूक काहीच नाही यात, पण तुमच्या पत्रात जी माणसं ठसठसताहेत त्यातलं एकही त्या वहीत नसावं असं मला वाटतं. जाऊ नाही, नवरा तर नाहीच. आभार सगळे वर, देवाकडे चाललेत आणि तक्रारी सगळ्या आडव्या, माणसांकडे. मग मन होतं तिथेच राहणार, दुसरं काय होणार?

तुम्हाला एक घरचा अभ्यास देते. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाचा. चारच अध्याय आहेत, वीसेक मिनिटं लागतील. आपण त्यातल्या "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" या ओळी भिंतीवर टांगतो, मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, पण पत्र पत्रासारखं वाचत नाही. दूर असलेल्या माणसाने आपल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला ते लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत आहे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती त्याला मदत पाठवली, त्या कामात तो आजारी पडला, अगदी मरता मरता वाचला. दुसऱ्या अध्यायात काय लिहिलं आहे पाहा. त्या एपफ्रदीताला घरच्यांची ओढ लागली होती आणि तो बेचैन होता, का, तर आपण आजारी असल्याचं घरच्यांना कळलं म्हणून! दूरदेशी राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपणही तापाने फणफणलेले असतो आणि फोनवर आईला "काही नाही गं, जरा घसा बसलाय" म्हणतो. तिकडे तेही आपल्यापासून लपवतात.

आणि "चिंताक्रांत होऊ नका" लिहिणारा हाच पौल दोन अध्याय आधी म्हणतो की एपफ्रदीताला मी लगोलग पाठवतो आहे, त्याला बघून तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख कमी होईल. म्हणजे त्याच्याही जिवाला घोर होता. तो त्याने लपवला नाही, लिहून टाकला. सासूबाईंच्या तब्येतीवरून गाडीत जे भांडण होतं त्यात निम्मी तरी काळजीच असणार. तुमच्या मिस्टरांना आईची काळजी वाटते, ती काळजी म्हणून बोलता येत नाही, म्हणून ती चिडचिड होऊन बाहेर येते. पुरुषमाणसांचं हे फार होतं. एकदा गाडी थांबवून नुसतं विचारा, "आईंची फार काळजी वाटतेय का?" उत्तर नाही आलं तरी चालेल.

आता चौथा अध्याय. सहाव्या-सातव्या वचनातली ती प्रसिद्ध शांती येण्याच्या जरा आधी, दुसऱ्या वचनात, दोन बायकांचं भांडण आहे. युवदीया आणि सुंतुखे. पौल दोघींना नावानिशी विनवतो की एकचित्त व्हा. भांडण कशावरून होतं ते लिहिलेलं नाही, आणि मला ते बरंच वाटतं, कारण कळलं असतं तर आपण लगेच एकीची बाजू घेतली असती. दोघीही सुवार्तेसाठी झटलेल्या, मंडळीतल्या कामसू बायका. म्हणजे गायनात असणाऱ्या आणि गाडीत भांडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पौल दोघींनाही झापत नाही, एका सोबत्याला सांगतो की यांना जरा हात दे. आणि तिथून पुढे, त्याच दमात, आनंद करा, तुमची सहनशीलता सर्वांना कळून येवो, चिंता करू नका, आभारप्रदर्शनासह मागा, मग देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. ती शांती एकांतात डोळे मिटून बसलेल्या माणसासाठी लिहिलेली नाही. दोघींचं पटत नाही अशा मंडळीसाठी लिहिली आहे.

"राखील" हा शब्दही बघा. मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही निवृत्त सैनिक वसवलेली रोमी वसाहत. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वेशीवरचा शिपाईच उभा राहिला असणार. पहारा असतो तो शहर शांत झोपलं आहे म्हणून नव्हे. बाहेर धोका आहे म्हणूनच तो असतो. त्यामुळे मनात खळबळ आहे याचा अर्थ देवाची शांती आली नाही असा घाईघाईने लावू नका.

पण मला सगळ्यात आवडतो तो पौलाचा आभार मानायचा ढंग. "तुमचे अनंत उपकार" असं म्हणून तो मोकळा होत नाही. तो लिहितो, मी मासेदोनिया प्रांतातून निघालो तेव्हा तुमच्याशिवाय कोणत्याच मंडळीने हात दिला नाही, आणि मी थेस्सलनीका शहरात होतो तेव्हा तुम्ही एकदा नाही, दोनदा माझी गरज भागवली. कुठे, केव्हा, किती वेळा. मधे इतकी वर्षं गेली, इतक्या यातना झाल्या, तरी "दोनदा" लक्षात आहे.

यावरून माझी स्वतःची गोष्ट सांगते, फारशी कौतुकाची नाही. माझी आई शेवटची सहा वर्षं भावाकडे होती. वहिनी शिक्षिका. मी पैसे पाठवायचे, सुट्टीत गेले की बॅगभर वस्तू न्यायचे, आणि दर फोनवर न चुकता म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आईचं किती करता हो." त्या म्हणायच्या, "हो, करावं तर लागतंच." पुढे दोन्हीकडे शांत. मला वाटायचं, बाई आखडू आहे. एकदा व्हिडिओ कॉल चालू होता. आईने चष्मा सारखा करायला हात वर केला आणि मला तिची नखं दिसली. नीट कापलेली, गोल, कडेला कुठे कंगोरा नाही. आईला तेव्हा कात्री धरता येत नव्हती. मी विचारलं, "वहिनी, आईची नखं तुम्ही कापता?" पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "पायाची कापताना गुदगुल्या होतात त्यांना. सारख्या हलतात. मग मी गाणं म्हणायला लावते, म्हणजे स्थिर बसतात." कोणतं गाणं, विचारलं. आईच म्हणाली मग, अर्धं कडवं, बेसूर. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. टोमणे त्यानंतर बंद झाले असं नाही, अधूनमधून यायचेच. पण मला ते ऐकू येताना मागे त्या नखांचा विचार असायचा.

"किती करता हो" म्हणताना मी खरं तर काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते कळत होतं.

म्हणून तुमच्या वहीत बदल करा. तीन गोष्टी नकोत, एकच लिहा, पण ती माणसाची असू दे आणि तिच्यात "दोनदा" असू दे. "माझा नवरा" असं नको. "आज धाकट्याला ताप होता तर हे रात्री दोनदा उठले आणि मला उठवलं नाही" असं. आणि लिहिलेलं त्या माणसाला सांगा. नुसतं वहीत ठेवलं तर ते देवाला कळेल, पण देवाला ते आधीच माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं की तुम्हाला कळलं आहे.

इथे आपली भाषेची एक अडचण आहे. मराठी घरात नवऱ्याला, जावेला "धन्यवाद" म्हटलं तर ते सभेतल्यासारखं वाटतं, समोरचा दचकतोसुद्धा. आपली मुलं इथे दिवसातून वीस वेळा थँक्यू म्हणतात आणि आपल्याला वाटतं, ती वरवरची. मुलांना वाटतं, आई-बाबा कोरडे. दोघंही तसे नसतात. तुम्हाला शब्दच वापरायला हवा असं नाही. "रात्री उठला होतास ना, मला कळलं" एवढं पुरतं. फक्त मुलांसमोर बोला कधीतरी, म्हणजे आपलं मराठी आभार कसं असतं ते त्यांच्या कानावर पडेल.

आता पैशांचं. तुम्ही पाठवता त्याचा उल्लेख होत नाही हे दुखतं, आणि दुखणं खरं आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो ते जरा तुमच्या बाजूने वाचून बघा: वेदीजवळ दान अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. हे ऐकणारे तेव्हा गालीलात होते. वेदी यरुशलेमेत, काही दिवसांची पायपीट. येशू सांगतोय, दान तिथेच सोड, घरी जा, मग परत ये. आणि त्याने "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं म्हटलेलं नाही. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध" म्हटलंय. जावेच्या मनात काय आहे हे तुम्ही तिला कधी सरळ विचारलं आहे का? दर महिन्याचे पैसे हे दान आहे, चांगलं आहे, पण ते वेदीजवळ पडून राहू शकतं. ती बहुधा पैशांबद्दल बोलतच नसेल. आपल्या मोडलेल्या झोपेबद्दल बोलत असेल.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी, कारण हे सदर वाचणारी सगळीच घरं तुमच्यासारखी नाहीत. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे. सर्व स्थिती*त*. सर्व स्थिती*बद्दल* नाही. मार खाणाऱ्या बाईने माराबद्दल आभार मानायचे नसतात, आणि ज्या घरात भीती आहे तिथल्या गप्प बसण्याला शांती म्हणायचं नसतं. यिर्मया संदेष्ट्याने असल्या लोकांना खडसावलं आहे, जे जखम वरवर बांधून "शांती, शांती" म्हणतात आणि शांती तर नसते. असं कोणाचं असेल तर पाळकांना, डॉक्टरांना, तुम्ही राहता त्या देशातल्या मदतकेंद्राला सांगा. त्यात विश्वासाची हार नाही. तसंच आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, रडूच येत राहतं, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

तुमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडे दमलेली दोन माणसं आहेत, ज्यांना आठवड्यात सलग अर्धा तास एकत्र मिळतो तो फक्त त्या गाडीत. म्हणूनच भांडण तिथे होतं. उपासनेतला ढोंगीपणा वगैरे काही नाही तो, उगाच स्वतःला टोचून घेऊ नका. पहिली दहा मिनिटं गाडीत कोणाबद्दलही बोलायचं नाही एवढा नियम करा, मुलांनाही सांगा, ती पाळायला लावतील. तसं माझ्या घरी केलं तेव्हा पहिल्या रविवारी चौथ्या मिनिटाला मीच मोडला.

जावेला या आठवड्यात फोन करा. मिस्टरांनी नाही, तुम्ही. आणि वेळ तिच्या घड्याळाने ठरवा. तुम्ही बहुतेक तुमच्या रविवारी मोकळ्या झालात की लावत असाल. तेव्हा तिकडे काय वाजलेले असतात, ती त्या वेळी काय करत असते, ते आधी दिराला विचारून घ्या. सासूबाई झोपल्यावरची वेळ बघा. पैशांचा विषय काढू नका, टोमणा आला तर येऊ द्या. सासूबाईंचं रात्रीचं कसं असतं, कितीदा उठावं लागतं, एवढं विचारा आणि ती सांगेल ते सगळं ऐका, मधे "आमच्याकडे पण ना" असं न म्हणता.