नात्यात लग्न केलं, म्हणून झालं का?

‘ताई, नात्यात केलं म्हणून असं झालं का?’ समुपदेशनाच्या कामात, जन्मजात दोष असलेल्या बाळांच्या आई-बापांकडून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, हे मोजणं आता सोडून दिलंय. कधी तो ‘आमचा रक्तगट एकच आहे, त्यामुळे का?’ असा येतो, कधी ‘एक नाड होती, तरी लग्न केलं’ असा. (रक्तगट एकच असल्यानं बाळाला काहीही होत नाही. लक्ष ठेवावं लागतं ते आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा, आणि त्यावर इंजेक्शन आहे.) शब्द निराळे, पण विचारायचं असतं एकच: हे आमच्या हातून झालं, की नशिबानं? या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला एका कुटुंबानं शिकवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाडकडचं द्राक्ष बागायतदारांचं घर. बायको नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे तिची सासू ही तिची सख्खी आत्याच. पहिली मुलगी जन्मतःच बहिरी. कळलं ते दिवाळीत. ओट्यावर लवंगी माळ वाजली, मांजर घरभर पळालं आणि झोळीतली पोर तशीच निजून राहिली. पुढे कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे शस्त्रक्रिया करून ऐकण्याचं यंत्र बसवलं, आणि पोर शब्द धरू लागली. रक्ताच्या तपासणीत कनेक्झिन 26 या प्रथिनाच्या जनुकात दोष निघाला. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे त्या जनुकाची एक प्रत सदोष, एक चांगली; म्हणून दोघांचे कान मात्र उत्तम. पोरीकडे दोघांचीही सदोष प्रत आली. जनुकतज्ज्ञांनी हे सगळं समजावलं होतं. तरी ते नाशिकला शरणपूर रोडवरच्या माझ्या खोलीत आले, कारण सात महिने आत्या सुनेशी बोलत नव्हत्या आणि दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की नवरा उठून मळ्यात जायचा.

‘आत्याला वाटतं, दोष माझ्याकडून आला,’ ती म्हणाली.

‘आत्या तुमच्या वडिलांची सख्खी बहीण. मग तुमच्यात जे आलं ते कुठल्या घरातून आलं?’

ती माझ्याकडे बघत राहिली. हा हिशेब तिनं कधी मांडलाच नव्हता.

मी विवेकनिष्ठ विचारांची आहे. घटना माणसाला जेवढी मोडते, त्याहून जास्त तिला चिकटवलेला अर्थ मोडतो, हे मी रोज बघते. म्हणून पूर्वी अशा जोडप्यांना मी सांगायचे, ‘हा निव्वळ योगायोग आहे, स्वतःला दोष देऊ नका.’ हेच मी या नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, ‘सगळा योगायोग कसा म्हणता ताई? लग्न तर ठरवून लावलं आमचं.’

त्याचं बरोबर होतं. 1908 साली हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेलं जनुकांचं गणित असं धरून चालतं की समाजात कुणाचीही जोडी कुणाशीही जमते. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात तासभर बसलं की कळतं, इथं तसं काहीच नसतं. जात, देवक, उंची, शिक्षण, शेती किती, नोकरी कुठे, एवढ्या चाळण्यांतून स्थळ खाली येतं. त्यात मामाची मुलगी करण्याची आपली जुनी रीत. उत्तरेत ती निषिद्ध, दक्षिणेत मानाची, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी दाखवून दिलं आहे. जोडी योगायोगानं जुळत नाही. मग योगायोग असतो कुठे?

मी त्याला विचारलं, ‘बाग कशी लावलीत?’

‘डॉगरिजचा खुंट, त्यावर थॉमसनच्या काडीचं कलम.’

‘बीपासून का नाही?’

तो पहिल्यांदा हसला. ‘थॉमसनला बी कुठं असतं ताई? आणि बियाळ जातीचं घेतलं तरी एका घडातल्या दोन बियांची झाडं सारखी निघत नाहीत. म्हणून तर काडी. काडीला काडी सारखीच येते.’ मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘म्हणजे आमची पोर कलमाची नाही, बीची आहे.’

इतकी वर्षं मी जे सांगू पाहत होते, ते त्यानं एका ओळीत सांगितलं. जात कुठली लावायची ते आपण ठरवतो, बीत काय उतरेल ते नाही. प्रत्येकाकडे गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात आणि बीजात दर जोडीतलं एकच जातं. नुसत्या एवढ्यानंच एका माणसाची 83,88,608 प्रकारची बीजं होऊ शकतात. त्यातलं कुठलं पुढे जाईल, याला ना पुण्य लागतं ना पाप.

पुढच्या वेळी मी आत्यांना बोलावलं. जिच्याकडे बोट दाखवलं जातं तिच्याशी बोलून अर्धंच काम होतं. कागदावर वर दोन गोल काढले, आत्यांचे आई-वडील. खाली आत्या आणि त्यांचा भाऊ, त्याखाली हे दोघं.

आत्या कागदाकडे न बघताच म्हणाल्या, ‘मीच गेले होते भावाच्या दारात पोर मागायला. घरातली पोर घरात राहील म्हणून.’

तेव्हा मला उमगलं की सात महिन्यांचा तो अबोला रागाचा नव्हताच. त्यांना भाचीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

‘हे बहुधा या दोघांपैकी एकाकडून उतरलं असावं,’ मी वरचे गोल दाखवले.

‘दादांकडून?’ आत्या वडिलांना दादा म्हणत.

‘दादा किंवा आई. आणि त्यांच्याकडून या दोन्ही नातवंडांपर्यंत पोचायची शक्यता सोळात एक होती. पोचलं.’

आत्या कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत होत्या. ‘मग मेलेल्या बापाला काय बोल लावू?’ एवढं बोलून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

तेवढ्यात पोरीनं कानामागची चकती ओढून माझ्या लोखंडी कपाटाला चिकटवली. त्या चकतीत लोहचुंबक असतं. आत्या उठल्या, चकती काढली, पोरीचे केस बाजूला सारून एका झटक्यात जागच्या जागी बसवली आणि नावानं हाक मारली. पोर वळली. सून बघतच राहिली. आत्या हे कधी शिकल्या, तिला ठाऊक नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं नात्यात लग्न झालंय, त्यांना सांगते: अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगी असतात. एरवी शंभरात दोन-तीन बाळांत जन्मजात दोष आढळतो, सख्ख्या आते-मामे भावंडांनी लग्न केलं तर त्यांच्या बाळांत तो धोका साधारण दुप्पट होतो. आणि नात्याबाहेर केलं म्हणून निर्धास्त राहू नका. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमातीत लग्नं होतात तिथेही थॅलसेमिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक एकमेकांना भेटतात. सुरगाणा, पेठ अशा आदिवासी भागांतल्या मंडळींनी ही तपासणी लग्नाआधीच करावी. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका, दर वेळी नव्यानं. पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. जिथे आपण निवडतो तिथे तपासणी करा. बीजात होणाऱ्या वाटणीचं ओझं मात्र कुणाच्याच डोक्यावर ठेवू नका, स्वतःच्या तर नाहीच.

दुसऱ्या बाळाचं काय करायचं, हे त्या दोघांनी जनुकतज्ज्ञांकडे पुन्हा जाऊन ठरवलं. ते त्यांचं आहे, इथं लिहीत नाही.

परवा आत्यांचा फोन आला. धाकट्याला स्थळ सांगून आलंय, लांबच्या नात्यातलं. ‘पत्रिका मागनं बघू,’ त्या म्हणाल्या, ‘आधी या दोघांचं रक्त तपासायला कुठं पाठवू, तेवढं सांगा.’