पूर ओसरला, आता विहिरीचं काय?

प्रश्न : नाल्याचा पूर विहिरीत शिरला, पाणी गढूळ आहे. मोटार लावून विहीर रिकामी करावी का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? आणि आमच्या खारपाणपट्ट्यातलं (जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातलं) हे पाणी आता चक्क गोड लागतंय. तसंच राहील का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : एका दमात रिकामी करू नका. भोवतालची काळी माती पाणी पिऊन जड झालेली असते. आतलं पाणी झपाट्यानं काढलं की बाहेरचा दाब बांधकामावर येतो आणि बांधीव विहीरसुद्धा खचते. नाला उतरू द्या, मग थांबत थांबत उपसा. भेग दिसली की मोटार बंद. गाळ काढायला माणूस उतरवण्याची घाई नको, तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो.

गढूळ पाण्यात टीसीएल टाकणं म्हणजे पैसे बुडवणं. क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. पाणी निवळलं की हिशेब करा : व्यास × व्यास × पाण्याची खोली × 0.785. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. 3 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी, तर सुमारे 35 हजार लिटर. पहिली मात्रा हजार लिटरला 65 ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलो. पावडर ताजी हवी. उघड्या पोत्यातली बहुधा मेलेली असते. ती थेट विहिरीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या दोन ड्रमांत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी सोडा आणि बादली खालीवर करून पाणी ढवळा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी उग्र वास जाईपर्यंत उपसा. नंतर रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम, इथे 88 ग्रॅम. तासाभरानं पाणी भरा. नुसत्या वासावर जाऊ नका, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का, ते रंगावरून दाखवणारी) करून घ्या. पाण्यावर डिझेलचा तवंग असेल किंवा कपाशीच्या फवारणीचं औषध वाहून आलं असेल, तर टीसीएलचा उपयोग नाही. ते पाणी पिऊ नका.

गोडव्याचं म्हणाल, तर तो पाहुणा आहे. पूर्णा नदीच्या गाळथरातले क्षार कुठे गेलेले नाहीत. पुराचं हलकं पाणी खाऱ्यावर तरंगतंय, एवढंच. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) पृष्ठभागाच्या जवळ ठेवून सावकाश उपसलंत तर ते जास्त दिवस पुरेल. जोरात ओढलंत तर खालचं खारं पाणी लगेच वर येईल.