१८ वर्षांची सायकल दुरुस्त करू की नवी घेऊ?

तुमची ॲटलस १८ वर्षांची, रोज जाऊन-येऊन १२ किलोमीटर. दुकानदाराने २,८०० रुपये खर्च सांगितलाय आणि घरचे म्हणताहेत, त्यात भर घालून गिअरची नवीच घे. मी स्वतः सांगली-मिरज रस्त्यावर २२ वर्षं सायकलने कामाला जातोय, म्हणून सांगतो: पैशांचा हिशोब मागाहून करा. आधी सांगाडा बघा, म्हणजे फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा.

सायकल उन्हात उभी करा आणि ओल्या फडक्याने चिखल पुसून काढा. हँडलखालच्या जोडापासून पायडलकडे तिरकी उतरणारी जी नळी आहे, तिच्यावर जोडाला लागून, बोटभर अंतरात, केसासारखी रेघ दिसते का पाहा. नखाने खरवडा. नुसता रंग तडकला असेल तर खाली लोखंड गुळगुळीत लागतं. रेघेत नख अडकलं आणि तांबूस भुकटी निघाली, तर ती चीर समजा. माझ्या आधीच्या सायकलला अशीच रेघ होती. वर्षभरात मी तिला टायर, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) सगळं नवं घातलं, पण त्या रेघेकडे काही लक्ष दिलं नाही. एक दिवस उतारावर हँडल डुलायला लागलं. उतरून बघतो तर नळी अर्धी फाटलेली. अंगावर काटा आला. चीर निघाली तर कोणी कितीही म्हणो, तिथे वेल्डिंग करून घेऊ नका. सायकल भंगारात द्या.

फ्रेम धड असेल तर मी दुरुस्तीच करेन. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, पण सुट्या भागांची काळजी नको. या साध्या काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची जवळपास एकच आहेत. चेन, कॉटर पिन (पायडलचा दांडा एक्सलला घट्ट धरणारी खीळ), २८ इंची टायर कुठल्याही मेकचे बसतात.

आता ते २,८०० कशाकशाचे, हे लिहून मागा. चेन तुम्ही घरीच मोजू शकता. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेली असेल तर चेन गेली. फ्रीव्हीलचे दात झिजले असतील तर चेनसोबत तेही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवरून सटकते. पायडल मारताना दर फेरीला टक्क असा आवाज येत असेल तर बहुधा कॉटर पिन ढिली असते. पिन स्वस्त आहे, पण तशीच चालवत राहिलात तर एक्सल खराब होतो आणि मग खर्च वाढतो.

खरा खर्च चाकांचा. मागे ४० आणि पुढे ३२ तारा. तारा आवळायचे निपल गंजून धरले असतील तर रिंगचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, निघत नाही, मग रिंग आणि तारा सगळंच नवं. दोन्ही चाकं तशी असतील तर मात्र मीही विचारात पडेन.

एका बाबतीत नवी सायकल सरस आहे, ते म्हणजे ब्रेक. जुन्या सायकलच्या लोखंडी रिंगवर पावसात रबर धरतच नाही. रस्त्यात मोठा उतार असेल आणि पावसाळ्यातही जात असाल, तर ॲल्युमिनियम रिंगची नवी घ्या, यात काटकसर नको. रस्ता सपाट असेल तर १२ किलोमीटरला गिअर लागत नाहीत. शिवाय बऱ्याच गिअरच्या सायकलींना मडगार्ड, कॅरेज, चेनकव्हर नसतं. ते वेगळं घ्यावं लागतं आणि डबा लावायचा कुठे हाही प्रश्न येतो. तेही त्या किमतीत धरा.

त्या जोडाजवळचा एक फोटो उजेडात काढून इथे टाका. रेघ दिसत असेल तर बघून सांगतो, आणि तोवर सायकल चालवू नका.