आधी करंट सांग, मग आयसी विचार

अगं बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला, स्केचही बघितलं. आठ कार्डं, प्रत्येकावर वायफायचा ईएसपी३२ कंट्रोलर, पाच व्होल्टची एकच सप्लाय, आणि एका वेळी एकाच कार्डाला पॉवर द्यायला मधे तो १६ चॅनेलवाला ४०६७ चा मक्स मोड्यूल, म्हणजे सोळा वाटांपैकी एक निवडून जोडणारा स्विच, जो पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या कुठल्याही दुकानात मिळतो. प्रश्न काय, तर ४०६७ घेऊ, त्याचा आठ चॅनेलवाला भाऊ ४०५१ घेऊ की महागातला कमी रेझिस्टन्सवाला? सगळं लिहिलंस, व्होल्टेज, चॅनेल, पिना, किंमत. एक कार्ड करंट किती खातं, ते कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

तू म्हणतेस "ॲनालॉग मक्स आहे ना, मग कुठलाही व्होल्टेज पास होतो." होतो की. सिग्नल पास होतो, कारण समोर घेणारा जवळजवळ काहीच ओढत नाही. तुझं कार्ड ओढतं. ४०६७ चं चॅनेल चालू असतानाही आतमधे साधारण ७० ओहम असतात, आता पाच भागिले सत्तर कर. पलीकडे सरळ शॉर्ट केलास तरी ७१ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही, आणि डेटाशीट तर एका चॅनेलला २५ च्या वर जाऊच नको म्हणतं. ईएसपी३२ वायफायवर बोलायला लागला की अडीचशेच्या आसपास उसळी मारतो. ठिबकच्या नळीने विहीर उपसायला निघालीयेस तू. महागातला चार ओहमवाला घेतलास तरी अडीचशे मिलिअँपिअरला एक व्होल्ट तिथेच गेला, म्हणजे पैसे जास्त देऊन तीच चूक.

करंट किती? हे आधी. हसू नकोस, मी हीच चूक पगार घेऊन केलीये. नव्वदच्या दशकात, एका छोट्या कंपनीत, कार्डं तपासायचे टेस्ट रॅक बनवत होतो, बारा व्होल्टची कार्डं, आणि मला ४०५१ फार आवडायचा, स्वस्त, तीन पिनांत आठ चॅनेल. कार्ड आठ मिलिअँपिअर घ्यायचं, मक्समधे सव्वा व्होल्ट पडायचा, कार्डावरच्या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला काही फरक पडत नव्हता, मी खूष. मग त्याच कार्डावर कुणीतरी एक रिले टाकला, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच, चारशे ओहमची कॉइल. मी बघितलंच नाही. जानेवारीत टेबलावर रिले ओढायचा, टक् आवाज यायचा, सही झाली, माल गेला. मे महिन्यात गिऱ्हाईकाकडे पत्र्याच्या शेडमधे रिले नुसता बसून राहिला, ओढेचना. बारातले जेमतेम साडेसात-आठ व्होल्टच पोचत होते, आणि उन्हाने मक्सचा रेझिस्टन्सही वाढला आणि कॉइलच्या तांब्याचाही. आयसी मेली नाही हेच वाईट झालं, मेली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तीन दिवस मी प्रोग्रॅममधे बग शोधत होतो.

त्यानंतर मी प्रत्येक ड्रॉइंगवर, प्रत्येक सप्लायच्या रेघेवर, मोजलेला करंट लिहायला लागलो. अंदाजे चालायचं नाही, मोजलेलाच. पुढच्या नोकरीत साहेब म्हणाले याच्यामुळे दोन आठवडे जातात, मी म्हटलं जाऊ देत, ते म्हणाले मग तू पण जा. गेलो. घरी अजून ऐकवतात हट्टीपणा नडला म्हणून. नडला असेल, पण माझी एकही पुढची रॅक उन्हाळ्यात परत आली नाही, आणि तेव्हा मी काय दोन आठवडे झोपा काढत नव्हतो. असो.

तुझ्याकडे येतो. पॉवरला मक्स नाही, पी-चॅनेल मॉसफेट, म्हणजे गेट लो केलं की चालू होणारा ट्रान्झिस्टर, प्रत्येक कार्डाला एक. एओ३४०१ घे, पाच व्होल्टला साठ मिलिओहमच्या आसपास, म्हणजे अडीचशे मिलिअँपिअरला ड्रॉप १५ मिलिव्होल्ट. त्याचे तीन पाय, सोर्स, ड्रेन आणि गेट: सोर्स सप्लायकडे, ड्रेन कार्डाकडे, उलटा लावलास तर आतल्या डायोडमधून कार्ड कायम चालू. गेट ते सोर्स शंभर किलोओहमचा रेझिस्टर. आणि तुला तीन पिनांत आठ निवडायचेत ना, त्याला ७४एचसीटी१३८ हा डिकोडर आहे, निवडलेला आउटपुट लो, बाकी सगळे हाय, पी-चॅनेलला नेमकं हेच हवं. एचसीटीच घे, त्याला पाच व्होल्ट दे, साधा एचसी तुझ्या ३.३ च्या सिग्नलला नीट हाय मानणार नाही. कार्ड बदलताना आधी १३८ चं इनेबल काढ, मग ॲड्रेस बदल, थोडं थांब, मग इनेबल, नाहीतर मधेच भलतंच कार्ड क्षणभर जागं होईल. कार्डावर मोठा कपॅसिटर असेल तर एकदम चालू करताना बाकीची सप्लाय बसेल, तेव्हा हळू चढणारा लोड स्विच बघ, टीपीएस२२९१८ सारखा.

आणि माझा लाडका ४०५१ फेकू नकोस, कार्डांचा सिरियल डेटा वाचायला तो लाव, ते त्याचं काम. फक्त एक कर, बंद कार्डाकडे जाणारी रेघ हाय ठेवू नकोस. पॉवर काढलेल्या कार्डावरचा एलईडी मिणमिणताना दिसेल, मीटर लावलास तर अडीच-पावणेतीन व्होल्ट, कारण सिग्नलच्या पिनेतून, आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून कार्ड चोरून जेवतंय. मग तू म्हणणार मॉसफेट बंद होत नाही.

पण हे सगळं नंतर. करंट किती? नुसता मल्टिमीटर सीरीजला लावून सांगू नकोस, तो सरासरी दाखवतो आणि उसळी गिळतो. सप्लायच्या रेघेत ०.१ ओहमचा शंट, म्हणजे छोटा रेझिस्टर टाक, त्यावरचा व्होल्टेज कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर बघ, पंचवीस मिलिव्होल्टची टोकं दिसली की ते अडीचशे मिलिअँपिअर. वायफाय चालू असताना बघ, नुसतं बूट झाल्यावर नको. शनिवारपर्यंत स्क्रीनचा फोटो पाठव, नवीन स्केच पाठवू नकोस, मी उघडणार नाही.

तुझा,
काका