अमेरिकेतल्या पहिल्या नाताळाला भेट काय मागावी?

विचारलं तरच सांगा, पण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आठवड्यातच. डिसेंबरच्या मध्यापर्यंत अनेकांची बरीचशी खरेदी उरकलेली असते. नुसतं ‘मोजे’ म्हणालात तर सुती येतील, आणि ते ओले झाले की पाय गारठतात. ‘मेरिनो लोकरीचे’ म्हणा, मापही द्या.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी भेट म्हणजे इन्स्टंट पॉटची, म्हणजे विजेवरच्या प्रेशर कुकरची, झाकणात बसणारी जादा सिलिकॉन रिंग. सिलिकॉन वास धरून ठेवतं, मग आमटीचा वास खिरीला लागतो. म्हणून तिखटाची वेगळी, गोडाची वेगळी. किती क्वार्टचा (एक क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) पॉट ते मॉडेलसकट लिहा, कारण ६ क्वार्टची रिंग ८ क्वार्टला बसत नाही.

भारतात न्यायचा मिक्सर मागू नका: अमेरिकेत १२० व्होल्ट, भारतात २३०. गिफ्ट रिसीट, म्हणजे भेट बदलून घ्यायची पावती, मात्र निःसंकोच मागा, तिच्यावर किंमत नसते.