एकाच कोयत्याची उचल घ्या

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. नवरा-बायको दरवर्षी कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातो. पोरीला दहावीला ७८ टक्के पडले, तिला नर्स व्हायचंय. सोयरे स्थळं आणतात. मजूर नेणारा मुकादम म्हणतो, जावई बघा, दोन कोयते होतील. आम्ही सहा महिने गावात नसतो, तिला ठेवायची कुठं? – एक पालक

दादा, नमस्कार.

पोरीनं काय शिकावं हे तिचं ठरलेलं दिसतंय. तुमचं अडलंय ते राहण्यावर आणि उचलीवर, म्हणजे मुकादम हंगामाआधी देतो त्या आगाऊ पैशांवर.

मुकादमाचा हिशोब सरळ आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचलही जोडीला. म्हणून आपल्याकडं लग्नं लवकर उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास ४४ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्यात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. सोयऱ्यांना दोष देऊन काय होणार? बालाघाटच्या माळावर गेवराई-माजलगावसारखं कालव्याचं पाणी नाही. साखर कारखाने आणि परळीचं औष्णिक वीज केंद्र सोडलं, तर जिल्ह्यात मोठा उद्योगही नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८५ हजार, आणि दहातली आठ माणसं खेड्यात.

अशा जिल्ह्यात कंपनीची नोकरी शोधायला पुण्याला जावं लागतं. नर्सचं तसं नाही. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, सगळीकडं ती लागते. २०१९ मध्ये ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, तुम्हाला ते सांगायला नको. ऊसाच्या फडातलं दुखणं काय असतं हे घरातच पाहिलेली नर्स या बायकांना मिळाली, तर त्या आधी तिला विचारतील. पोरीची निवड मला म्हणूनच पटते.

आता कामाचं. अकरावीला विज्ञानच घ्या, जीवशास्त्रासह. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, वर सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि चार वर्षं. ते नाही जमलं तर जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, तीन वर्षांचा. एएनएम हा त्याहून छोटा नर्सिंग कोर्स, दोन वर्षांचा. कला शाखा घेतली तर बी.एस्सी.चा थेट रस्ता बंद. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. फेऱ्यांच्या तारखा शाळेत विचारत राहा, फेरी चुकवू नका. पुढं गल्लीबोळातल्या नर्सिंग स्कूलात पैसे भरण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते बघा. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि कोर्सचा कागद घरातच राहतो.

राहण्यासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. तिथं तुमचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मागतील. ते ग्रामसेवक देतो. नसेल तर या आठवड्यातच काढा, दिवाळीनंतर तुम्ही फडात असाल. आजीपाशी ठेवायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. म्हातारीचं काम पोरीच्या अंगावर पडतं आणि तुमच्या माघारी सोयरे तिलाच गाठतात.

मुकादमाकडं जाल तेव्हा उचल एकाच कोयत्याची घ्या. जास्तीचे देतो म्हणाला तरी पोरीच्या भरवशावर एक रुपयाही उचलू नका. एकदा घेतला की पुढच्या हंगामात तो फेडायला तिलाच फडात उभं राहावं लागेल.