लपलेल्या लंडनबद्दल मत मांडण्याआधी

प्रिय वाचकमित्रा,
अनेक आशीर्वाद.

नील गेमन यांच्या ‘नेव्हरव्हेअर’ या कादंबरीवरच्या, म्हणजे लंडनच्या खाली लपलेल्या दुसऱ्या लंडनच्या गोष्टीवरच्या, तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, वाचन मनापासून केलेलं दिसतं. पण दुसऱ्या पानावर तू इतर वाचकांची चार मतं दिली आहेस: नायक मुळमुळीत आहे, शहर हेच खरं पात्र आहे, कथा मालिकेसारखी तुटक आहे, मारेकऱ्यांची जोडी लाजवाब आहे. या चारही मतांना तू मान डोलावली आहेस. ही मतं एकमेकांशी भांडणारी आहेत, तेव्हा तुला त्यांत कुठेतरी बाजू घ्यावीच लागेल. ती कशी घ्यायची, यासाठी हे पत्र.

पहिलं काम आवृत्ती तपासण्याचं. ही कथा 1996 मध्ये बीबीसी टूवर सहा भागांची मालिका म्हणून आली. मूळ कल्पना विनोदी अभिनेते लेनी हेन्री यांच्याबरोबरच्या बोलण्यातून निघाली, संहिता नील गेमन यांनी लिहिली आणि कादंबरीही त्यांनी त्याच सुमारास पुरी केली. 1997 च्या अमेरिकी आवृत्तीसाठी मजकूर बदलला, कारण लंडन न पाहिलेल्या वाचकाला काही गोष्टी समजावून सांगणं भाग होतं. पुढे दोन्ही पाठ जुळवून लेखकाच्या पसंतीचा पाठ निघाला. त्यामुळे ‘लेखक फार समजावत बसतो’ म्हणणारा वाचक आणि ‘काहीच समजावत नाही’ म्हणणारा वाचक यांच्या हातात कदाचित एकच पुस्तक नसेल. मुखपृष्ठामागचं पान उघड, आवृत्ती आणि वर्ष टिपून घे आणि लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिही. हे न केल्यामुळे कितीतरी वाद फुकट जातात.

‘तुटक’ हा शब्द वापरायचा असेल तर शिवण कुठे दिसते ते दाखव. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भागांचा ठसा प्रसंगांवर आहे, हे खरं आहे: तरता बाजार, रात्रीचा पूल, अर्लचा म्हणजे उमरावाचा दरबार, ब्लॅकफ्रायर्सची परीक्षा. प्रत्येक प्रसंग स्वतःपुरता पूर्ण होतो आणि शेवटी एक गळ टाकून जातो. अशा दोन जागा पृष्ठांकासह दिल्यास की तुझं म्हणणं कुणाला झटकून टाकता येणार नाही.

आता स्थळनावं. इथे घाई करू नकोस, पुस्तकाचा जीव इथे आहे. नाइट्सब्रिज हा लंडनचा श्रीमंत भाग. त्यातला ‘नाइट’ म्हणजे सरदार, पण उच्चार रात्रीच्या ‘नाइट’सारखाच. कादंबरीत तो रात्रीचा पूल होतो आणि ओलांडणाऱ्यांतून आपला वाटा उचलतो. अर्ल्स कोर्ट म्हटल्यावर भुयारी रेल्वेच्या एका डब्यात खरोखरच म्हातारा अर्ल दरबार भरवून बसलेला असतो. ब्लॅकफ्रायर्स म्हणजे काळे साधू. तिथे काळा झगा घालणाऱ्या डोमिनिकन साधूंचा मठ होता, तो 1538 मध्ये बंद झाला. कादंबरीत ते साधू अजून तिथेच आहेत. एंजल हे स्टेशनचं नाव तिथल्या जुन्या खानावळवजा सराईवरून पडलं, कादंबरीत मात्र इस्लिंग्टन नावाचा देवदूतच भेटतो.

यातला एक प्रसंग अगदी जवळून बघ. नायक रिचर्ड ठामपणे सांगतो की ‘ब्रिटिश म्युझियम’ नावाचं स्टेशनच नाही. आणि गाडी नेमकी तिथे थांबते. ते स्टेशन खरं होतं, 1900 मध्ये उघडलं आणि 1933 मध्ये बंद झालं. डाउन स्ट्रीट स्टेशनही तसंच: 1907 ते 1932, नंतर युद्धकाळात तिथे रेल्वेचं प्रशासन चालवणाऱ्या समितीची कार्यालयं होती. म्हणजे लपलेलं शहर हवेतून आलेलं नाही, खऱ्या शहरानं ज्या जागांचा वापर सोडला त्या जागांवर ते उभं आहे. हे ठाऊक नसलेल्या वाचकाला तोच प्रसंग नुसता गंमतीचा वाटतो.

मराठी वाचकाला हे एका वाक्यात कळेल असा दाखला हवा असेल तर मुंबईतला काळा घोडा घे. पुतळा 1965 मध्ये राणीच्या बागेत हलवला, तरी लोक पत्ता सांगताना काळा घोडाच म्हणत राहिले. नाव मागे राहिलं, वस्तू गेली. पण दाखला एकच पुरे. पूर्ण लेख मुंबईवर नेलास तर लंडन हातचं जाईल. नावांचं भाषांतरही करू नकोस. ‘नाइट्सब्रिज’ तसंच ठेव आणि श्लेष पुढच्या अर्ध्या वाक्यात उलगड. भुयारी रेल्वेचा नकाशा शेजारी ठेवून दोन रकाने आखलेस, एकात स्टेशन आणि दुसऱ्यात कादंबरीनं त्याचं काय केलं ते, तर दहा नावांत काम होतं. ज्या नावांचा श्लेष कथेत पुढे काही घडवत नाही, त्यांवर खूण कर. तिथे लेखक नुसता खेळतोय, हे म्हणायचा तुला अधिकार आहे.

नायकाबद्दलची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ती अर्धी बरोबर आहे. रिचर्ड सुरुवातीला एकच निर्णय घेतो. फुटपाथवर रक्तबंबाळ पडलेल्या डोअर नावाच्या मुलीला, होणारी बायको नको म्हणत असताना, उचलून घरी नेतो. त्यानंतर शहर त्याला विसरतं. कचेरीतलं टेबल जातं, टॅक्सी थांबत नाही, तो आंघोळीच्या टबात असतानाच त्याचं घर भाड्यासाठी दुसऱ्यांना दाखवलं जातं. कुणाच्या नजरेत न राहिलेल्या माणसाच्या हातून काय घडणार, हा कादंबरीचा विषयच आहे, म्हणून त्याचं हतबल असणं हा लगेच दोष ठरत नाही. मधल्या भागात मात्र तो फार वेळ नुसते प्रश्न विचारत इतरांच्या मागून चालतो. तिथे तक्रारीला आधार आहे आणि तो तू मोकळेपणी दे.

यापेक्षा अवघड प्रश्न तुझ्या मसुद्यात आलेलाच नाही. लंडनमध्ये बेघर माणसांच्या टोळ्या आहेत अशी कल्पना करू, हे या कथेचं बीज होतं. पत्रकार हेन्री मेह्यू यांनी 1851 च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर जे लिहिलं त्यात गटारांतून वेचून पोट भरणारी माणसं आहेत, आणि नायकाचं आडनावही मेह्यूच आहे. मग खालचं लंडन इतकं देखणं करून कादंबरीनं उपाशी माणसाला रंगीत कपडे चढवले का? उत्तर शोधायला ॲनस्थेशियाकडे जा. उंदरांशी बोलणाऱ्यांतली ही पोरगी रिचर्डला रात्रीच्या पुलावरून नेते आणि पलीकडे पोचत नाही. बाकीचे लोक पुढे चालू लागतात. रिचर्डपाशी तिच्या तुटलेल्या माळेतला एक मणी उरतो. ब्लॅकफ्रायर्सच्या परीक्षेत, ‘तू फक्त एक वेडा बेघर माणूस आहेस’ असं त्याला पटवलं जात असताना, तोच मणी त्याला सावरतो. माझ्या मते कादंबरी इथे आपली जबाबदारी ओळखते, पण एका मण्यानं हिशेब फिटतो का, हे तुला ठरवायचं आहे. दोन्ही बाजूंनी मत देता येईल. हा प्रश्न टाळून मात्र लेख पुरा होणार नाही.

इतरांची मतं वापरायची तर पाच निवड, आणि मधल्या गुणांची जास्त घे. पूर्ण गुण देणारे बहुधा प्रेम सांगतात, शून्य देणारे राग. मधे अडकलेल्या वाचकाला मात्र कारण द्यावंच लागतं. प्रत्येक मतातली विशेषणं खोडून बघ. मागे काही उरलं तर ठेव, नाही तर सोडून दे.

लेख सातशे शब्दांत बसव. कथानकाला शंभर शब्द पुरेत, तेही रिचर्ड विसरला जातो तिथपर्यंतच. मारेकऱ्यांना कामाला कुणी लावलं हे सांगू नकोस. त्या जोडीची वाहवा करायची तर एक आलंकारिक लांबलचक बोलतो आणि दुसरा दोन शब्दांत संपवतो, हे दाखवणारा एक संवाद दे. अवतरणं दोनपेक्षा जास्त नकोत.

दुसरा मसुदा पाठवताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्तीचं वर्ष लिही, आणि ॲनस्थेशियाचा परिच्छेद कितीही कच्चा असला तरी त्यात असू दे.

सस्नेह.